खंडेनवमीचा दोरा

आमच्या घरात आता कुणी गाठ मारत नाही. साखरेच्या पिशवीला कपडे वाळत घालायचा चिमटा, डाळीच्या पुडीला रबर, पोरीच्या वेण्यांना क्लिपा. फडताळ उघडलं की लाल-निळे चिमटे ओळीनं बसलेले दिसतात. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, मागं आलती तेव्हा बायकोला म्हणाली, चिमट्यांची एजन्सी घेतलीस काय गं? बायको हसली. मीही हसल्यासारखं केलं. पण खरं सांगायचं तर मला त्या चिमट्यांचा संताप येतो. एकदा डोकं फिरलं तेव्हा मूठभर उचलून परसात भिरकावले होते. बायकोनं एकेक वेचून आणला, धुतला आणि होता तिथं परत लावला.

हे असं का झालं ते सांगायचं तर खंडेनवमीपासून सुरू करावं लागतं.

मी बेळगावजवळच्या काकतीचा. घरची थोडी भातशेती होती, ती भावांत वाटून आता वाफ्यावाफ्यानं उरली आहे. त्यामुळं लग्नाआधीपासून मी हायवेच्या कडेला एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर कामाला होतो. लहान वर्कशॉप, मोजकी माणसं. एवढ्या लहान जागेला सरकारी विम्याचं कार्ड नसतं. कुणाला काही झालं तर मालक, मालकाची विमा कंपनी आणि शेवटी कोर्ट, एवढाच रस्ता. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची गरजच वाटली नव्हती.

प्रेसचं काम सोपं. पत्र्याचा तुकडा खाली साच्यावर ठेवायचा, त्या साच्याला आम्ही डाय म्हणतो. पायानं पेडल दाबायचं. वरचं लोखंडी धूड खाली येतं, पत्र्याला आकार येतो, तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. दिवसभर तेच. हाताच्या आणि डायच्या मध्ये तारेच्या जाळीची एक झडप असते, ती म्हणजे गार्ड. गार्ड खाली असला की हात आत जातच नाही, लांब पकडीनं तुकडा सरकवावा लागतो. गार्ड वर असला की हातानं ठेवता येतो आणि काम पळतं. हे प्रेसवरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. मालकालाही असतं. भिंतीवर कन्नडमध्ये पाटी होती, गार्ड काढू नये म्हणून. तिच्यावर इतका काळा थर बसला होता की ती वाचायची म्हणजे आधी पुसावी लागली असती.

आमच्या भागात खंडेनवमीला वर्कशॉपात बायकापोरांना बोलावतात. कन्नडवाले आयुधपूजा म्हणतात, आम्ही खंडेनवमी म्हणतो, चुरमुरे आणि पेढे दोघांना सारखेच. आदल्या दिवशी सगळी मशिनं रॉकेलनं पुसून लखलखीत करायची. पूजेच्या दिवशी दारात कोहळा फोडायचा. मग ज्यानं त्यानं आपापल्या बायकोला घेऊन आपापल्या मशिनीची पूजा करायची. एरवी बायकोला आपण काय काम करतो हे दाखवायची सोय नसते, म्हणून त्या दिवशी माणसं जरा ताठ चालतात. मीही चालायचो.

त्या वर्षी मालक म्हणाले, बाहेरून बाहेरून काय कुंकू लावता, डायला लावा, काम ती करते. डाय गार्डच्या आत. म्हणून मी गार्ड वर उचलला आणि हातानं धरून उभा राहिलो. आमची बायको कुठल्याही कामात सावकाश. आधी हळद, मग कुंकू, मग अक्षता, फूल, लिंबू, अगरबत्ती, आणि काहीतरी राहिलं म्हणून परत हळद. गार्ड बऱ्यापैकी जड होता. माझा हात थरथरायला लागला, ते तिनं बघितलं.

"सोडा तुम्ही," ती म्हणाली. "हात भरून आला तुमचा. मी बांधतो."

आमच्याकडच्या बायका करतो, बांधतो असंच बोलतात. तिनं ताटातला लाल-पिवळा पूजेचा दोरा घेतला, चार पदरी केला, गार्डच्या जाळीतून ओवला आणि वरच्या हुकाला बांधला. तिचं माहेर खानापूरकडचं, भाताचं. लहानपणापासून पेंढ्या बांधलेल्या. गाठही तशीच: दोन पीळ द्यायचे आणि टोक आत खोचायचं, ओढाल तेवढी आवळते. वरून झेंडूची माळ सोडली. मालक तेवढ्यात आमच्यापाशी आले, मशिनीला हात जोडले, झकास झाली पूजा म्हणाले आणि तिच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला. ती लाजली. घरी येताना गाडीवर मागं बसून ती म्हणाली, तुमचं मशीन लई देखणं हाय. मी दोन दिवस त्या वाक्यावर खूश होतो.

आता आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. खंडेनवमीला बांधलेला दोरा कोजागिरीपर्यंत सोडायचा नाही. कोयत्याला असो, पहारीला असो, गाडीच्या हँडलला असो. आधी सोडला तर हत्यार रुसतं असं आई म्हणायची. आई गेली, नियम राहिला. बायकोनं तो माझ्याहून जास्त पाळला. दुसऱ्या घरांत हा नियम असेल-नसेल, आमच्यात होता.

दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर गेलो तर माल तातडीचा. त्याच दिवशी संध्याकाळी गाडी भरायची होती. मशीनपुढं उभा राहिलो. गार्ड वर, दोरा तसाच, झेंडू सुकायला लागलेले. मी दोरा बघितला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं सगळं यावरच येऊन थांबलं: मी दोरा बघितला. खिशात ब्लेड होतं. हात वरपर्यंत गेलाही. मग मनात आलं, कोजागिरीला अजून अवकाश आहे, कशाला सोडा. आणि त्याच दमात हेही आलं की गार्ड नसला तर दुपारपर्यंत सगळा माल उडेल. यातलं आधी काय आलं आणि खरं कारण कुठलं, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता दोन्ही उत्तरं खोटी वाटतात.

काम पळत होतं. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. हात, पाय, हात, पाय, मधे विचार करायची गरजच नाही. चहाच्या जरा आधी एक तुकडा तिरका बसला. तो सरळ करायला हात आत गेला. पायाला कुणी थांब म्हणून सांगितलं नव्हतं. पाय आपल्या चालीनं खाली गेला.

डायवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या, त्या मी रक्ताच्या आधी बघितल्या. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

मालक वाईट माणूस नव्हता. हे वाचलं तर बायको म्हणेल, आता त्याची बाजू घेताय व्हय. पण त्यानं मला स्वतःच्या गाडीत घालून बेळगावला नेलं, सीट खराब होतीय म्हणून एका शब्दानं बोलला नाही, आणि ऑपरेशन होईपर्यंत बाहेर बसून राहिला. दवाखान्याचं सगळं त्यानं बघितलं. काय असंल ते रीतसर मिळंल, काळजी करू नकोस, असंही म्हणाला. मग विमा कंपनीचा माणूस येऊन शेड बघून गेला आणि मालकाचा फोन लागायचा बंद झाला. काही दिवसांनी कळलं ते असं, की कामगारानं काम लवकर उरकावं म्हणून गार्ड जाणूनबुजून बांधून ठेवला, सबब भरपाई देणं लागत नाही.

जाणूनबुजून. हा शब्द मी त्याआधी पोरीला रागावताना वापरायचो.

आम्हाला मिळाले ते वकील निपाणीकडचे जैन, एकाच वाक्यात कन्नड आणि मराठी बोलणारे, वयानं मोठे. बेळगावच्या कॅम्प भागात एका जुन्या बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत बसायचे. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून कायदा समजावला. कामावर असताना माणूस जखमी झाला तर चूक कुणाची हे सहसा बघत नाहीत. तुझं लक्ष नव्हतं, हात घसरला, मूर्खासारखा वागलास, तरी मिळतं. फक्त तीन ठिकाणी मालक अंग काढू शकतो. कामगार प्यालेला असेल तर, जिवाच्या सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्यानं मुद्दाम मोडला असेल तर, किंवा गार्ड माहीत असून त्यानं काढला असेल तर. हे झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि ते म्हणाले,

"हे तिन्ही कधी लागतात, ठाऊक हाय? माणूस जगला तर. मेला असतास, न्हायतर कायमचा पुरता निकामी झाला असतास, तर त्यांना गार्डचं नावसुद्धा काढता आलं नसतं. तू जिवंत हाईस आणि एक हात धड हाय, म्हणून हे सगळं."

मी उठलो तेव्हा खुर्ची मागं पडली. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मरायला पायजे होतं म्हणजे कायदा खूश झाला असता, असं काहीतरी ओरडलो. वकिलांनी ऐकून घेतलं. बायको जागची हलली नाही. काकतीच्या बसमध्ये बसल्यावर तिनं माझा फडक्यात गुंडाळलेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. मी तो टॉवेलखाली झाकायला गेलो तर म्हणाली, लपवायचा न्हाय, काय चोरलंय काय आपण? उतरेपर्यंत तिनं तो तसाच धरून ठेवला होता.

वकिलांनी नंतर मला एकट्याला बोलावलं. त्यांच्याकडं त्या मशीनचा फोटो आला होता, विमा कंपनीनं काढलेला. गार्ड वर, हुकाला दोरा. झेंडूची माळ नव्हती. ती कुणी मुद्दाम काढली की रक्त धुताना गेली, मला सांगता येत नाही. माळ नसली की तो पूजेचा दोरा वाटत नव्हता, नुसता दोरा वाटत होता. वकील म्हणाले, हा रंग तर पूजेच्या दोऱ्याचा आहे. पूजा झालती काय? मालकासमोर? मग सगळं चित्रच पालटतं. मालकानं सांगितलेल्या पूजेसाठी गार्ड वर गेला, दुसऱ्या कुणी बांधला, मालकानं डोळ्यांनी बघितला आणि परत मशीन सुरू करताना कुणी तपासलं नाही, असं असेल तर तू काढलास असं म्हणता येत नाही. फक्त बांधला कुणी ते सांग, त्या माणसाला उभं करू.

मी म्हणालो, आठवत न्हाय.

बायकोला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी मशीनला पुढं एक जाळी होती, ती पूजेच्या वेळी मधे येत होती, एवढंच. त्या जाळीलाच गार्ड म्हणतात आणि ती कशासाठी असते हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. मशीन बिघडलं आणि आपोआप खाली आलं, असं ती गल्लीतल्या बायकांना सांगायची. माझा हात भरून आला म्हणून तिनं तो दोरा बांधला होता. आता त्याच दोऱ्यानं हात गेला हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? बिनकामाचा घरी बसलेला नवरा, पोरीची शाळा, हे सगळं ओढताना ती अजून उभी होती. भरपाईवाचून दिवस कसे काढायचे हे मला दिसत नव्हतं. पण हे कळल्यावर ती कशी दिसेल ते दिसत होतं. मी ठरवून टाकलं.

माझ्या जबाबाच्या दिवशी तिला येऊ नकोस म्हणालो होतो. ती आली. डबा घेऊन सगळ्यात मागच्या बाकावर बसली. न्यायाधीश बाई होत्या, शांत, जरा दमलेल्या. मी बोलेन ते मराठीत, टाइप होत होतं कन्नडमध्ये, आणि मला दोन्ही समजत असल्यामुळं माझंच बोलणं दुसऱ्यांदा माझ्यापुढं येत होतं. विमा कंपनीच्या वकिलानं फोटो माझ्यापुढं धरला आणि कन्नडमध्ये विचारायला लागला; बायकोला कन्नड कळत नाही. गार्ड वर असताना मशीन चालवू नये हे ठाऊक होतं का? होतं. दोरा सकाळी दिसला होता का? दिसला होता. तो कुणी बांधला?

मी मागं बघितलं नाही.

"मी," म्हणालो.

आमच्या वकिलांनी फाइल मिटली. टाइप करणाऱ्यानं ते एक अक्षर कन्नडमध्ये घेतलं. कंपनीचा वकील, आणखी काही विचारायचं नाही म्हणून खाली बसला. मला वाटलं, संपलं एकदाचं. हलकं वाटलं, खरंच.

बाहेर व्हरांड्यात आमचे वकील बायकोपुढं जाऊन उभे राहिले. माझ्याशी बोलायची त्यांची इच्छा नसावी. तुमच्या नवऱ्यानं हातचं घालवलं बाई, दोरा मीच बांधला म्हणून सांगितलं आत, म्हणाले, आणि फोटोची आपली प्रत तिच्यापुढं केली. मी पुढं झालो तोवर तिनं तो घेतला होता. तिनं तो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, मग उजेडाकडं गेली. ही जाळी मशीनला कशाला असते, असं तिनं वकिलांना विचारलं. त्यांनी सांगितलं. ती परत फोटोकडं बघत राहिली. माणसं जात-येत होती, कुणाच्या तरी नावाचा पुकारा होत होता. मला तिच्या हातातून तो फोटो ओढून घ्यायचा होता आणि ज्या हातानं ओढायची सवय होती त्या हाताला बोटं नव्हती.

"ही गाठ माझी हाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, काहीतरी बोलू नकोस, तशी गाठ कुणीही बांधतं. तिनं माझ्याकडं बघितलं. काकतीत अशी गाठ कोण बांधतं, असं विचारलं. मग म्हणाली, तुम्ही आत खोटं बोललाय. मी डाव्या हातानं तिचा दंड धरला, घरी चल म्हणालो, पाया पडतो म्हणालो. तिनं हात सोडवला आणि वकिलांना विचारलं, मला आत कधी उभं करशीला?

पुढच्या तारखेला ती उभी राहिली. आवाज न चढवता सगळं सांगितलं, पूजेच्या ताटापासून कोजागिरीच्या नियमापर्यंत. न्यायाधीश बाईंनी स्वतः विचारलं, तुम्ही बांधायचं कारण काय?

"त्यांचा हात भरून आलता म्हणून."

हे टाइप करणाऱ्याला नीट कळलं नाही. हात भरून येणं म्हणजे नेमकं काय असं त्यानं विचारलं, आमच्या वकिलांनी कन्नडमध्ये सांगितलं, त्यानं टाइप करताना ते मोठ्यानं म्हटलं. म्हणून ते वाक्य मी दोन्ही भाषांत ऐकलं. अजून ऐकतो. कधी कन्नडमध्ये आधी येतं, कधी मराठीत. हॉटेलात बसलो असताना शेजारच्या टेबलावर कुणी हात या शब्दानं बोलायला सुरुवात केली की मी उरलेलं वाक्य ऐकू नये म्हणून उठून जातो.

मालकालाही बोलावलं होतं. तो खोटं बोलला नाही. पूजा मीच सांगितलेली, गार्ड बांधलेला बघितलता, सोडायला सांगायचं राहिलं, असं म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही त्यानं. निकाल आमच्या बाजूनं लागला. गार्ड कामगारानं आपल्या मर्जीनं काढला असं म्हणता येत नाही, तो मालकाच्या सांगण्यावरून झालेल्या पूजेसाठी दुसऱ्यानं बांधला होता, आणि काम सुरू करण्याआधी तो खाली घेतलाय की नाही हे बघणं मालकाचं काम होतं, असा त्याचा अर्थ. मी जे 'मी' म्हणालो होतो त्याबद्दल लिहिलं होतं की ते पत्नीला वाचवण्यासाठी म्हटलेलं दिसतं, त्यावर विसंबता येत नाही.

पैसे आले. आक्कानं पेढे वाटले. वकिलांनी माझ्या पाठीवर थाप मारली, त्यांचा राग गेला होता. बायको त्या दिवशी पोरीच्या वेण्या घालत बसली होती. वेणी घातली, रिबीन घेतली, आणि रिबीन हातात धरून तशीच बसून राहिली. पोर म्हणाली, आई, उशीर होतोय. तिनं रिबीन खाली ठेवली आणि शेजारच्या दुकानातून क्लिपा आणायला पोरीला पाठवलं. चिमटे त्याच आठवड्यात आले. सुगीला माहेरी जायची, तेही बंद झालं. तिचा भाऊ फोन करायचा, ताई, यंदा पेंढ्या कोण बांधणार? ती म्हणायची, पोरीची परीक्षा हाय.

मी गप्प बसलो नाही. एका दुपारी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. दोरा मी बघितलता. ब्लेड खिशात होतं. सोडला नाही, कारण काम पळत होतं आणि मला ते आवडत होतं. कोजागिरी हे निमित्त होतं. तू बांधलास पूजेला, पूजा संपली तिथं तुझं काम संपलं. त्यानंतर दोन दिवसांनी मशीन सुरू केलं ते मी. पाय माझा. कोर्टात मी 'मी' म्हणालो ते गाठीबद्दल खोटं असेल, पण बाकी सगळ्याबद्दल खरं होतं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय," ती म्हणाली. "तिथंबी असंच बोललाता."

एकदा मी तिच्यासाठी खोटं बोललो होतो आणि ते तिनं सगळ्यांसमोर पकडलं होतं. आता मी खरं बोललो तरी तिला तेच ऐकू येतं. मी चिडलो, शपथा घेतल्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला निघालो तेव्हा तिनं मला अडवलं. पोरीला यात ओढू नका म्हणाली. तेव्हापासून तो विषय आमच्यात निघत नाही. निघत नाही म्हणजे तो गेला असं नाही. तो घरात असतो. ती पोळ्या गुंडाळून ठेवते तेव्हा असतो, पिशवीचं तोंड मुडपून वर चिमटा लावते तेव्हा असतो.

लोक मला विचारतात, गेलेली बोटं दुखतात का. दुखतात, खाजतातही, पण त्याची सवय झाली. सवय झाली नाही ती पायाची. मी आता हायवेवर चुलतभावाच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. समोर कुणी काही तिरकं ठेवलं, एखादा डबा, एखादी फाइल, की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याचं पान तिरकं होतं तेव्हाही दाबला गेला. मी मांडीवर हात ठेवून पाय धरून ठेवला. हाच तो पाय. याला कुणी कोर्टात उभं केलं नाही. बायकोला हा पाय दाखवावा असं कितीदा मनात येतं, पण पाय दाखवून काय सिद्ध होतं?

यंदाच्या खंडेनवमीला मी घरीच पूजा मांडली. कोयता, विळी, माझी डाव्या हाताच्या सोयीची करून घेतलेली गाडी. बायकोनं सगळं ताट लावून दिलं, हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, आणि लाल-पिवळ्या दोऱ्याचं गुंडाळं. ताट माझ्यापुढं ठेवलं आणि उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. मी दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं, डाव्या हातानं हँडलला वेढे दिले, उजव्या अंगठ्यानं दाबलं. जमेल तशी गाठ मारली. पोर म्हणाली, आई, बाबांना जमत न्हाय, तूच बांध की. मी पोरीला म्हणालो, जमलंय की गं, बघ.

जमलं नव्हतं. उदबत्ती अर्धी जळेपर्यंत दोरा ढिला झाला, हँडलवरून घसरला आणि जमिनीवर पडला. माझ्या आधी बायकोनं तो बघितला. ती आली, वाकली, दोरा उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या तळव्यावर ठेवला. मी तिचा हात धरायला गेलो. ती मागं सरकली आणि आपले दोन्ही हात, दहाही बोटं धड असलेले, पदराखाली घेऊन उभी राहिली.